घोडी पाणी पिईना, तेव्हा

बार्शीच्या अलीकडे ओळखीच्या शेतकऱ्याच्या लिंबाच्या राईत आम्ही दोन घोड्यांसह मुक्काम टाकला. ना नळ, ना लाईट, ना तबेला. सोलापूरचं ऊन फेब्रुवारीतच तापायला लागतं, आणि दिवसभर चालून आलेली माझी घोडी विहिरीच्या पाण्याला तोंडच लावेना. बादलीत नाक घालायची, फुरफुरायची, मान फिरवायची. मला धडकीच भरली. मोठ्या घोड्याला दिवसाला २५ ते ४० लिटर पाणी लागतं. ते कमी पडलं की लीद घट्ट होते आणि पोटशूळ उठतो.

मानेची कातडी चिमटीत धरून सोडली, ती लगेच बसली. हिरड्याही ओल्या होत्या. म्हणजे अंगातलं पाणी अजून आटलं नव्हतं, हातात वेळ होता. शेतकरी म्हणाले, "आण्णा, गूळ घालून बघा की." मूठभर गूळ बादलीत विरघळवला, सुका कडबा भिजवून पुढे टाकला. अर्ध्या तासाने घोडीचा घोट घशातून खाली उतरताना दिसला, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

आता निघण्याआधी आठवडाभर घरच्याच पाण्यात थोडा गूळ देतो. तीच चव मुक्कामी मिळाली की घोडी बिचकत नाही.

बांधायचंही बदललं. बुंध्याला बांधलं की घोडी साल कुरतडते, खुरांनी मुळं उकरते. दोन झाडांमध्ये डोक्याच्या वर आडवा दोर ताणतो, बुंध्याभोवती गोणपाटाची जाड घडी घालतो, आणि मोरकीचं, म्हणजे तोंडावरच्या पट्ट्याचं, दावं त्या दोराला बांधून इतकंच सोडतो की पाय अडकणार नाही.