नसलेला सिनेमा दाखवायचा कसा

माळेगावच्या जत्रेत मी तंबू टॉकीजचं मशीन चालवायचो. पट्टी तुटली की पब्लिक शिट्ट्या मारायची. मागच्या साली सेलूजवळच्या एका शाळेत मात्र पट्टीच नसलेला खेळ लावला: ‘सेव्ह्ड फ्रॉम द टायटॅनिक’. तुम्हालाही लावायचा असेल तर ऐका.

भिंतीवर पांढरं धोतर ताणून बांधा. चादर नको, चादरीला फुलं असतात. या मूकपटाची मासिकांत छापलेली थोडी छायाचित्रं आणि गोष्टीचा सारांश, एवढंच आता हाती आहे. छायाचित्रं मोठी करा, क्रमानं दाखवा, सारांश वाचत जा. मधली जागा भरायला १९९७ च्या टायटॅनिकचे तुकडे अजिबात लावू नका. लेकरं मग तेच धरून बसतात. रीळ एकच होतं, दहाएक मिनिटांचं. तेवढ्यातच उरका.

नायिका डोरोथी गिब्सन खरोखर त्या जहाजावर होती, हे सुरुवातीलाच सांगून टाका. जहाज बुडालं १५ एप्रिल १९१२ ला आणि मे महिन्यात सिनेमा लागलासुद्धा! त्या रात्री अंगावर होते तेच कपडे घालून ती कॅमेऱ्यापुढं उभी राहिली. मला काही ही घाई पटली नाही.

ती सात नंबरच्या होडीतून वाचली. सगळ्यात आधी सोडलेली होडी ती. फरशीवर खडूनं होडी काढा, आत २८ पोरं बसवा आणि मग सांगा की जागा ६५ जणांची होती. आमची पोरं काळीपिवळीत नवाच्या जागी पंधरा बसून येणारी. ती भांडायलाच उठली, “बाकीच्यांला का नाही घेतलं?” एवढं मोठं जहाज बुडेल असं कुणाला खरंच वाटेना, हे तेव्हाच सांगायचं. आधी सांगितलं तर कुणी कान देत नाही.

सिनेमा गेला कसा, यासाठी मूठभर कापूस जवळ ठेवा. जुनी फिल्म कापसावर नायट्रिक आम्लाची प्रक्रिया करूनच व्हायची. जिनिंगमधली आग आपल्याकडं सगळ्यांना ठाऊक आहे, पण ही पट्टी पाण्यात बुडवली तरी जळत राहते. १९१४ मध्ये अमेरिकेत फोर्ट ली गावात, हा सिनेमा काढणाऱ्या एक्लेर कंपनीच्या स्टुडिओला आग लागली, त्यात प्रती गेल्या. कापूस पेटवून दाखवायच्या फंदात पडू नका, शाळा आहे.

शेवटच्या चित्रानंतर दिवा लगेच बंद करू नका, धोतर तसंच पांढरं उजळू द्या. आमच्याकडं तेवढ्यात मागून कुणीतरी शिट्टी मारली. मी पट्टी जोडायला उठलोसुद्धा.