जुन्या मासिकांतली कथा-कविता शोधायची कशी

परभणीचे बी. रघुनाथ 1953 साली गेले. अशा लेखकाची कथा पहिल्यांदा कुठं छापून आली हे शोधायचं, तर सुरुवात नावापासून करा. त्यांचं पूर्ण नाव भगवान रघुनाथ कुलकर्णी. अनुक्रमणिकेत टोपणनाव, आडनाव, आद्याक्षरं, सगळं तपासा.

मग काळ बघा. ‘सत्यकथा’ मासिक 1982 साली बंद पडलं, त्यानंतरची कथा तिथं सापडणार नाही. ग्रंथालयात दिवाळी अंक मात्र आधी मागून घ्या. ‘मनोरंजन’नं 1909 साली ही प्रथा पाडली. दलित साहित्य शोधत असाल तर गंगाधर पानतावणे यांचं ‘अस्मितादर्श’ चाळल्याशिवाय उठू नका.

खरं काम बांधीव खंडात, म्हणजे एकत्र शिवलेल्या जुन्या अंकांत असतं. बाइंडरनं मुखपृष्ठं काढली असतील तर महिना कळत नाही. पानाच्या वरची-खालची ओळ बघा, नाहीतर संपादकीय आणि जाहिराती वाचा. कविता पुष्कळदा कथेखाली उरलेल्या जागेत छापलेली असते आणि अनुक्रमणिकेत तिचा पत्ता नसतो, म्हणून पान न् पान उलटायचं. पिवळा कागद कोपऱ्याला धरला की तुकडा हातात येतो. खालून तळहात लावा.

आधी अनुक्रमणिकेचा फोटो, मग कथेचा. वर्ष, अंक, पान तिथंच वहीत उतरवा. घरी आल्यावर संग्रहातल्या पाठाशी ताडून बघा. आपल्याकडच्या बोलीचे शब्द पुढं बदललेत का, हे मला फार मोलाचं वाटतं. झेरॉक्स मात्र मागू नका, खंड दाबला की शिवण उसवते.