टिमोथी गवताच्या शेतावर एक सीझन, नव्याने जाणाऱ्यांसाठी

बीएस्सी ॲग्रीनंतर जे-१ व्हिसावर ट्रेनी म्हणून मी अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात एलेन्सबर्गजवळ होते. ही किटिटास व्हॅली, आणि इथलं नावाजलेलं पीक म्हणजे टिमोथी. कणीस बघाल तर बाजरीचंच, फक्त पेन्सिलीएवढं बारीक. इथला बराच माल जपानला जातो, तिथल्या गायी-घोड्यांसाठी, आणि आपल्याकडे ससे पाळणारे ऑनलाइन मागवतात तेही हेच गवत.

गवतच तर आहे, त्यात काय शिकायचं, असं मनात असेल तर आधी काढून टाका.

पहिले काही आठवडे मी फक्त दारं धरली, म्हणजे शेताला पाणी दिलं. कॅस्केड डोंगरांच्या आडोशाला पाऊस अगदी कमी, आपल्या माण-खटावची आठवण यावी असा, सगळी भिस्त बर्फ वितळून कॅनॉलला येणाऱ्या पाण्यावर, आणि टिमोथीची मुळं उथळ त्यामुळे पाण्याची पाळी चुकली की लगेच खालची पानं तपकिरी पडतात आणि एक्स्पोर्टवाला सगळ्यात आधी तीच बघतो.

कापणी जून-जुलैत. बुडापासून ४ इंच सोडूनच कापा, कारण तिथे कांद्यासारखी छोटी गाठ असते, पुढचा फुटवा त्या साठ्यावरच येतो.

पण खरी परीक्षा कापल्यानंतरच्या चार-पाच दिवसांची. गवत उलटायचं, ओळी ओढायच्या, आणि बेल, म्हणजे दाबून बांधलेला गठ्ठा, कधी बांधायचा ते ठरवायचं. घरी कडबा पहाटे दवात बांधतात हे मी लहानपणापासून बघितलेलं, मला वाटलं इथेही तसंच, आणि एका संध्याकाळी घाई करून मी ओलसर माल बांधायला लावला. तिसऱ्या दिवशी बेलमध्ये हात घातला तर चटका बसेल इतकं गरम, अशा बेलला आगसुद्धा लागते, म्हणून सगळे उचलून लांब मोकळ्यात नेले. फार वाईट वाटलं, कुणाची तरी वर्षभराची मेहनत होती ती. दवात बांधतात ते वाळलेली पानं झडू नयेत म्हणून; लसूणघासाची झडतात तशी टिमोथीची झडत नाहीत, म्हणून दवाची वाट बघायचीच नसते.

तेव्हापासून ओलावा मोजायच्या मीटरच्या आधी मी पेर नखाने खरवडून बघायचे, ओल लागली की थांबायचं. एक्स्पोर्टच्या मोठ्या बेलला ओलावा साधारण १२ टक्क्यांच्या आत हवा. मूठभर गवत पिळा, कटकन तुटलं पाहिजे. आणि धुळीचा मास्क भारतातूनच घेऊन जा, बेल बांधायच्या मशीनमागे पहिल्याच दिवशी लागतो.