पायवाटेवरची पहिली अल्ट्रामॅरेथॉन: तयारी आणि प्रत्यक्ष धाव

मॅरेथॉनच्या ४२.१९५ किलोमीटरपेक्षा लांब असलेल्या कोणत्याही शर्यतीला अल्ट्रामॅरेथॉन म्हणतात. ५०, ८०, १०० आणि १६१ किलोमीटर ही त्यातली नेहमीची अंतरे. पहिल्यांदा उतरणाऱ्याने ५० किलोमीटरची शर्यत निवडावी, असे सगळेच सांगतात आणि ते योग्यही आहे. मात्र डोंगरातल्या पायवाटेवर नुसत्या अंतराच्या आकड्यावरून शर्यतीचा अंदाज येत नाही. ५०० मीटर चढाची ५० किलोमीटर आणि ३,००० मीटर चढाची ५० किलोमीटर या दोन पूर्णपणे वेगळ्या शर्यती आहेत. म्हणून नाव नोंदवण्याआधी एकूण चढ किती आहे ते पाहावे आणि दर १०० मीटर चढासाठी एक किलोमीटर जास्तीचा धरावा. या हिशेबाने पहिली शर्यत ५५ किलोमीटरच्या श्रमाची ठरते आणि दुसरी ८० किलोमीटरच्या.

त्यानंतर लागणाऱ्या वेळेचा अंदाज काढावा. स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये पायी चालणाऱ्यांसाठी मांडलेला आडाखा इथे उपयोगी पडतो. ताशी सुमारे पाच किलोमीटर धरावे आणि दर ६०० मीटर चढासाठी एक तास मिळवावा, असा तो आडाखा आहे. ५० किलोमीटर आणि २,५०० मीटर चढाच्या मार्गाला त्यानुसार चौदा तासांच्या आसपास लागतात. सराव असलेला धावपटू सपाटीवर आणि सोप्या उतारावर यातला बराच वेळ वाचवतो. तरीही हा सावध आकडा समोर ठेवून शर्यतीची कटऑफ वेळ, म्हणजे जिच्या आत शर्यत पूर्ण करावी लागते ती मुदत, तपासावी. पहिल्या शर्यतीसाठी मी सुंदर मार्गापेक्षा सढळ कटऑफ आणि जवळजवळ असलेली एड स्टेशन्स (वाटेतली पाणी, खाणे आणि मदतीची ठिकाणे) यांना जास्त महत्त्व देईन. दोन स्टेशनांमध्ये तीन तासांचे अंतर असेल, तर पाणी, अन्न आणि मनःस्थिती या तिन्हींचा भार एकट्याने वाहावा लागतो, आणि तो अनुभव दुसऱ्या शर्यतीसाठी राखून ठेवलेला बरा.

ज्याला आठवड्याला ४० किलोमीटरच्या आसपास धावण्याची सवय आहे आणि ज्याने अर्धमॅरेथॉन किंवा मॅरेथॉन सुखरूप पूर्ण केली आहे, त्याला तयारीसाठी सोळा ते वीस आठवडे पुरतात. धावताना कधी छातीत दुखले असेल, भोवळ आली असेल किंवा कुटुंबात कमी वयात हृदयविकार झालेला असेल, तर सरावाआधी डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी.

सरावाची वही किलोमीटरऐवजी तास आणि चढाच्या मीटरांत लिहावी. रस्त्यावर दहा किलोमीटरला जेवढा वेळ लागतो, त्याच्या दीडपट किंवा दुप्पट वेळ खडकाळ चढावर लागू शकतो, आणि शरीरावर पडणारा ताण त्या वेळेच्या प्रमाणात असतो. आठवड्यातून चार किंवा पाच दिवस धावावे. त्यातले बहुतेक धावणे पूर्ण वाक्यात बोलता येईल इतक्या सौम्य गतीचे असावे, एक दिवस तोच चढ पुन्हा पुन्हा जोरात धावून चढावा आणि एक दिवस पायवाटेवर लांब धाव घ्यावी. महिन्यातून एक-दोनदा लांब धावेच्या दुसऱ्या दिवशी थकलेल्या पायांनी दीड-दोन तास पुन्हा धावावे. शर्यतीच्या उत्तरार्धाची ओळख दुखापतीचा फारसा धोका न पत्करता याच सरावातून होते. सर्वांत लांब धाव पाच-सहा तासांची पुरेशी असते. सरावात पूर्ण ५० किलोमीटर धावून पाहण्याचा मोह टाळावा, कारण त्यातून सावरायला जे आठवडे जातात ते सरावातूनच वजा होतात. दर चौथ्या आठवड्यात भार कमी करावा. शर्यतीत दर किलोमीटरला सरासरी ५० मीटर चढ असेल, तर शेवटच्या दोन महिन्यांत लांब धावेतही साधारण तेच प्रमाण यावे.

आता चालण्याविषयी, कारण रस्त्यावरून येणारा धावपटू याच बाबतीत अडखळतो. तीव्र चढावर त्याच वेगाने चालायला धावण्यापेक्षा कमी ऊर्जा लागते, म्हणून अनुभवी धावपटू असे चढ ठरवून चालतात. अमेरिकेतल्या वेस्टर्न स्टेट्स या १६१ किलोमीटरच्या प्रसिद्ध शर्यतीची कटऑफ वेळ ३० तास आहे, म्हणजे सरासरी वेग ताशी साडेपाच किलोमीटरपेक्षाही थोडा कमी पडतो. त्यामुळे चालण्याचाही वेगळा सराव हवा. तीव्र चढावर पावले आखूड ठेवावीत, कंबरेतून न वाकता घोट्यातून किंचित पुढे झुकावे, हात मांड्यांवर दाबून पायांना आधार द्यावा आणि श्वास हाताबाहेर जाणार नाही अशी एकसारखी लय धरावी. आठवड्यातून एकदा तासभर असे जोरकस चालले, तर शर्यतीत मिळणारा फायदा कोणत्याही वेगवान सरावापेक्षा मोठा असतो, असे माझे ठाम मत आहे.

चढाने दम लागतो, पण पाय निकामी होतात ते उतारावर. उतरताना मांडीच्या पुढच्या स्नायूंना ताणले जात असतानाच शरीराचा भार पेलावा लागतो, आणि या प्रकारच्या कामात स्नायूंच्या तंतूंना सर्वाधिक सूक्ष्म इजा होते; तिची वेदना एक ते तीन दिवसांनी शिगेला पोहोचते. हृदय आणि फुप्फुसे शाबूत असूनही तिसाव्या किलोमीटरनंतर साधी उतरण चालवत नाही, याचे कारण बहुधा हेच असते. सुदैवाने स्नायू याला लवकर सरावतात. एकदा चांगली उतरण धावून झाली की पुढच्या वेळी तेवढ्याच उताराने होणारी इजा बरीच कमी असते आणि हे संरक्षण काही आठवडे टिकते. म्हणून सरावात उताराला चढाइतकेच स्थान द्यावे, सुरुवात सौम्य उतारांनी करावी आणि शेवटची मोठी उतरण शर्यतीच्या सुमारे तीन आठवडे आधी घ्यावी.

उतरताना लांब ढांगा टाकून टाच आपटणे म्हणजे प्रत्येक पावलाला ब्रेक लावणे होय. पावले छोटी आणि जलद असावीत, पाऊल शरीराच्या खाली पडावे, गुडघे किंचित वाकलेले असावेत, हात तोल सांभाळण्यासाठी मोकळे पसरावेत आणि नजर पायांजवळ न ठेवता तीन-चार मीटर पुढे ठेवावी. डोंगर जवळ नसेल तर चढासाठी जिने किंवा तिरकी केलेली ट्रेडमिल चालते, पण उतारासाठी जिने उतरणे आणि पायरीवरून एका पायाने सावकाश खाली येण्याचा व्यायाम एवढेच पर्याय उरतात. याला आठवड्यातून दोनदा स्क्वॉट, लंज, पोटऱ्यांचे व्यायाम आणि एका पायावर तोल सांभाळणे यांची जोड द्यावी, कारण ओबडधोबड वाटेवर घोटा वाचवणारी प्रतिक्रिया यातूनच तयार होते.

खाण्याच्या बाबतीत शर्यत जितकी पायांची असते तितकीच पोटाची असते. स्नायू आणि यकृत मिळून सुमारे ४०० ते ५०० ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे कर्बोदकांचा साठा, बाळगतात, म्हणजे साधारण २,००० किलोकॅलरी. धावताना दर किलोमीटरला दर किलो वजनामागे अंदाजे एक किलोकॅलरी खर्च होते. त्यामुळे ६५ किलो वजनाच्या व्यक्तीला ५० किलोमीटरसाठी ३,००० पेक्षा जास्त लागतात, आणि चढ त्यात आणखी भर घालतो. शरीरातली चरबी मुबलक असते, पण तिच्यापासून मिळणारी ऊर्जा सावकाश मिळते. म्हणून तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके घ्यावीत आणि भूक लागण्याची वाट न पाहता पहिल्या अर्ध्या तासातच सुरुवात करावी. ग्लुकोज आतड्यातून तासाला सुमारे ६० ग्रॅमपर्यंतच शोषले जाते. फ्रुक्टोजचा मार्ग वेगळा असल्याने दोन्हींचे मिश्रण घेणारे सरावलेले धावपटू ९० ग्रॅमपर्यंत जातात, पण पहिल्या शर्यतीत तेवढ्याची गरज नसते.

धावताना रक्ताचा ओघ पचनसंस्थेकडून स्नायूंकडे आणि त्वचेकडे वळतो. त्यामुळे घरी सहज पचणारा पदार्थ सहाव्या तासाला उलटून येऊ शकतो. पोटालाही सराव लागतो, म्हणून प्रत्येक लांब धावेत शर्यतीच्या दिवशी खायचे तेच, तितक्याच प्रमाणात खावे. घड्याळात दर वीस-पंचवीस मिनिटांचा गजर लावून थोडे थोडे घेणे तासाने एकदम खाण्यापेक्षा बरे. काही तासांनी गोड एनर्जी जेल (धावताना घ्यायचे घट्ट गोड पाक) नकोसे होतात, तेव्हा मीठ लावलेला उकडलेला बटाटा किंवा सूप यांसारखे खारट काहीतरी योजनेत असू द्यावे. मळमळ सुरू झाली तर वेग उतरवावा, डोके-मान ओली करून शरीर थंड करावे, दहा-पंधरा मिनिटे चालत छोटे घोट घ्यावेत आणि पोट सावरल्यावरच पुन्हा खावे. त्याच वेगाने पुढे रेटत राहिल्यास पोट सहसा सावरत नाही.

पाण्याबाबत कमीपणाइतकीच अतिरेकाचीही भीती बाळगावी. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये रक्त तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्के जणांच्या रक्तात सोडियम प्रमाणापेक्षा कमी आढळले होते, आणि त्याचा सर्वांत ठळक संबंध शर्यतीदरम्यान वाढलेल्या वजनाशी, म्हणजेच गरजेपेक्षा जास्त पिण्याशी होता. तहान लागेल तसे प्यावे हाच सुरक्षित नियम आहे. हवामान आणि घाम यांनुसार तो तासाला ४०० ते ८०० मिलिलिटरच्या आसपास बसतो. बोटे सुजणे, डोके ठणकणे, उलटी आणि गोंधळलेपण अशी लक्षणे एकत्र दिसली तर आणखी पाणी पिऊ नये आणि वैद्यकीय पथकाला गाठावे. मिठाच्या गोळ्या जास्त पाणी पिण्यावरचा उतारा नाहीत. आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या शर्यतीत घेऊ नयेत, कारण आधीच ताण आलेल्या मूत्रपिंडांवर त्यांचा आणखी भार पडतो.

साहित्याबाबत थोडक्यात. लांब धावेत पाय सुजतात आणि उतारावर बोटे पुढे आदळतात, म्हणून पकड असलेले ट्रेलचे बूट नेहमीपेक्षा अर्ध्या मापाने मोठे घ्यावेत. पाणी आणि खाऊ ठेवायची, पाठीला घट्ट बसणारी व्हेस्ट, सुटे मोजे, घासणाऱ्या जागी लावायला व्हॅसलीन, जलरोधक जॅकेट, आपत्कालीन ब्लँकेट, शिट्टी, चार्ज केलेला फोन आणि जादा बॅटरीसह हेडलॅम्प एवढे जवळ असावे. सकाळची शर्यत असली तरी हेडलॅम्प ठेवावा. चौदा तासांच्या दिवसात अंधार केव्हाही गाठतो. काठ्या वापरायच्या असतील तर त्यांचाही सराव हवा. शर्यतीच्या दिवशी काहीही नवे अंगावर घालू नये किंवा तोंडात टाकू नये.

शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत सरावाचे प्रमाण निम्म्यापर्यंत उतरवावे, पण थोडा जोर कायम ठेवावा. याच काळात मार्गाचा नकाशा घेऊन प्रत्येक एड स्टेशनपर्यंतचे अंतर, चढ, अपेक्षित वेळ आणि कटऑफ एका छोट्या कार्डावर लिहावी. शर्यतीचा हिशेब एका वेळी एका स्टेशनाचाच करावा.

सुरुवातीचा एक तृतीयांश भाग इतका सावकाश जावा की लोक पुढे जाताना पाहून अस्वस्थ वाटावे. गतीचा आकडा पाहू नये, श्रम पाहावेत. चढावर तोंडाने धापा टाकाव्या लागत असतील तर वेग जास्त आहे, मग घड्याळ काहीही सांगो. स्टेशनवर पोहोचण्याआधीच तिथे काय करायचे ते ठरवावे: बाटल्या भरणे, खाऊ उचलणे, पाय तपासणे. पायात कुठे चुरचुरल्यासारखे वाटले तर तिथेच थांबून मोजा काढावा, वाळू झाडावी आणि टेप लावावी, कारण पाच मिनिटांचा हा खोळंबा पुढे फोडामुळे जाणारा तासभर वाचवतो. मार्ग दाखवणारी खूण दिसेनाशी होऊन पाच मिनिटे झाली तर पुढे शोधत न जाता शेवटच्या खुणेपर्यंत परत यावे. संकटात शिट्टी मिनिटाला सहा वेळा वाजवावी, एक मिनिट थांबावे आणि पुन्हा वाजवावी. वाटेत कोणी जखमी दिसले तर थांबून मदत करणे आणि पुढच्या स्टेशनवर कळवणे हे कोणत्याही वेळेपेक्षा मोठे आहे.

मध्ये कधीतरी मन पूर्ण खचते. तेव्हा शेवटचे कधी खाल्ले, कधी प्यायलो, अंग तापले आहे का आणि वेग जास्त आहे का, हे चार प्रश्न क्रमाने विचारावेत. बहुतेक वेळा उत्तर त्यातच सापडते आणि अर्ध्या तासात चित्र बदलते. मात्र काही लक्षणांशी वाटाघाटी करायच्या नसतात: छातीत दुखणे, बोलण्यात किंवा वागण्यात गोंधळ, न थांबणारी थरथर, पाणीही पोटात न टिकणे, चाल बदलायला लावणारी वेदना आणि गडद तपकिरी लघवी. शेवटचे लक्षण स्नायूंचे मोठ्या प्रमाणात विघटन होऊन मूत्रपिंडांना धोका निर्माण झाल्याचे असू शकते, आणि त्यावर रुग्णालयातच उपचार होतात. यांपैकी काहीही दिसले तर शर्यत सोडावी.

शर्यत संपल्यावर शरीर झपाट्याने थंड पडते, म्हणून सर्वांत आधी कोरडे उबदार कपडे घालावेत आणि मग कर्बोदके व प्रथिने असलेले काहीतरी खावे. लघवी होईपर्यंत भराभर साधे पाणी पिऊ नये. स्वतः गाडी चालवत परतू नये. पहिला आठवडा न धावता फक्त चालावे. जिना दुखण्याशिवाय उतरता येऊ लागला आणि झोप व भूक पूर्ववत झाली की सपाटीवर वीस-तीस मिनिटांच्या सौम्य धावेने सुरुवात करावी, आणि जोरकस सराव व मोठ्या उतरणी तीन ते चार आठवड्यांनंतरच पुन्हा घ्याव्यात.