दुर्बिणीनं ऑपरेशन झालं, पण नळी अजून आतच आहे: या चुका टाळा

किडनीतून लघवी जिथं खालच्या नलिकेत उतरते, तो सांधा काही बाळांत जन्मतःच अरुंद असतो. लघवी तुंबते, किडनी फुगते. पोटावर तीन-चार बारीक छिद्रं पाडून दुर्बिणीनं तो भाग कापून पुन्हा जोडतात आणि सांधा भरून येईपर्यंत आत डीजे स्टेंट नावाची नळी ठेवतात.

घात होतो तो इथं. पोरगं आठवड्यात अंगणात धावतं, पोटावर जखम दिसत नाही, घरी कापूस वेचणीची घाई. डिस्चार्ज कार्ड पेटीत जातं आणि त्यावरचं ‘स्टेंट रिमूव्हल’ कोणी वाचत नाही. नळी साधारण ४ ते ६ आठवड्यांनी काढावी लागते. राहिली तर तिच्यावर खडे जमतात, इन्फेक्शन होतं आणि काही मिनिटांचं काम मोठ्या ऑपरेशनवर जातं. सुट्टी होतानाच तारीख मराठीत लिहून घ्या, आशाताईलाही सांगून ठेवा. नळी काढतानाही लेकराला भूल देतात, त्यासाठी पोट रिकामं लागतं. निघताना चहा-बिस्किट खाऊ घातलं की नागपूरची खेप वाया गेलीच समजा.

नळी असताना लघवी थोडी लालसर झाली तर पाणी पाजा. ताप आला तर मात्र थांबू नका, दवाखाना गाठा. गावात मिळेल ती अँटिबायोटिक आधी देऊ नका. लघवीचा नमुना घेतल्यावरच औषध सुरू व्हावं, नाहीतर कल्चरमध्ये (लघवीतले जंतू वाढवून बघायच्या तपासणीत) जंतू सापडत नाहीत.

गरोदरपणाच्या सोनोग्राफीत ‘किडनीला सूज’ आली म्हणून ऑपरेशन ठरलंच असं नाही. पुष्कळ बाळांची सूज आपोआप उतरते. पण जन्मानंतर पहिले दोन दिवस लघवीच कमी होते, सूज लपते. त्या वेळच्या नॉर्मल रिपोर्टवर विसंबू नका, काही दिवसांनी सोनोग्राफी पुन्हा करा. मुलगा असेल आणि दोन्ही किडन्या सुजलेल्या असतील तर मात्र वाट पाहणं धोक्याचं. लघवीच्या मार्गात पडदा असू शकतो. डायपर काढून धार बघा: थेंबथेंब येते का? हा पडदा लघवीच्या वाटेनंच दुर्बीण घालून कापतात, पोटाला हात लागत नाही.

मुलाच्या लघवीचं छिद्र टोकावर नसून खालच्या बाजूला असेल तर सुंता करू नका, दुरुस्तीला तीच कातडी लागते.

खर्चाला भिऊन घरी बसू नका. अंगणवाडीत येणाऱ्या आरबीएसकेच्या (मुलांच्या आरोग्य तपासणीच्या सरकारी योजनेच्या) डॉक्टरांना कागद दाखवा. तिथून नागपूरच्या मेडिकलची, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्याची, चिठ्ठी मिळू शकते. जाताना रेशनकार्ड, आधार आणि आईची जुनी सोनोग्राफी सोबत ठेवा.