जुन्या कंबरदुखीसाठी टेन्स यंत्र घरी वापरताना

कापसाची वेचणी सुरू झाली की कमरेला बांधलेली ओटी सांभाळत दिवसभर वाकून राहावे लागते, आणि मग रात्री कंबर झोपू देत नाही. आमच्या घरी टेन्स यंत्र आले ते आईच्या अशाच जुन्या दुखण्यासाठी. मुठीत मावणारे, बॅटरीवर चालणारे हे यंत्र त्वचेवर चिकटवलेल्या पॅडमधून मज्जातंतूंना विजेचे सौम्य झटके देते. स्पर्शाच्या तंतूंना जागे ठेवले तर वेदनेचा निरोप पाठीच्या कण्यातच अडवला जातो, ही मेलझॅक आणि वॉल या वेदनेच्या अभ्यासकांनी १९६५ मध्ये मांडलेली कल्पना त्यामागे आहे. झिजलेला मणका याने भरून येत नाही. जुनाट दुखण्यावर त्याचा किती उपयोग होतो, याबाबत संशोधनाचा कौलही एकमुखी नाही. त्यामुळे फार मोठी अपेक्षा ठेवून विकत घेऊ नये. शक्य असेल तर फिजिओथेरपिस्टकडे एकदा लावून पाहावे.

हृदयात पेसमेकर किंवा तत्सम यंत्र बसवले असेल तर टेन्स वापरूच नये. फिट येणाऱ्यांनी, गरोदर स्त्रियांनी आणि कर्करोगाच्या रुग्णांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्याला हात लावू नये. मानेच्या पुढच्या भागावर, डोक्यावर, डोळ्यांजवळ, छातीवर, जखमेवर किंवा रक्ताची गाठ झालेल्या पायावर पॅड चिकटवू नयेत. आपल्याकडे सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे रुग्ण बरेच आहेत; त्यांना एकाएकी हाडे फोडणाऱ्या वेदना सुरू झाल्या तर यंत्र शोधत न बसता थेट रुग्णालय गाठावे.

आईला मधुमेह असल्यामुळे मी आधी एक साधी परीक्षा घेतो. तिला डोळे मिटायला सांगून कापसाचा पुंजका कमरेवर हळूच फिरवतो, आणि कुठे लागला ते तिने सांगायचे. जिथे स्पर्श कळत नाही तिथे पॅड नाही, कारण बधिर त्वचेला भाजले तरी कळत नाही. त्यानंतर साबणाने धुऊन त्वचा पूर्ण कोरडी करावी. मालिशचे तेल किंवा बाम राहिला तर पॅड नीट चिकटत नाही आणि जिथे चिकटतो तिथेच टोचतो. आमच्या पहिल्या आठवड्यातील सगळ्या तक्रारींचे मूळ हेच होते.

यंत्र बंद असतानाच दुखऱ्या जागेच्या दोन्ही बाजूंना, कण्याच्या हाडावर नव्हे तर त्याच्या शेजारच्या स्नायूंवर, एकमेकांना न चिकटतील असे पॅड लावावेत. गुडघ्यासाठी वाटीच्या आतल्या आणि बाहेरच्या बाजूला लावावेत. वारंवारता ८० ते १०० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला तितके झटके, ठेवून सुरुवात करावी आणि जोर शून्यापासून हळूहळू वाढवावा. बहुतेक जण इथेच चुकतात: मुंग्या जेमतेम जाणवल्या की भीतीने थांबतात आणि पुढे 'गुणच आला नाही' म्हणतात. मुंग्या ठळक, पण सोसवतील इतक्याच हव्यात; स्नायू आखडू लागला किंवा दुखू लागले तर जोर कमी करावा. दहा मिनिटांत अंग सरावते, तेव्हा थोडा वाढवावा. अर्धा तास पुरे. संपल्यावर आधी यंत्र बंद करावे, मग पॅड काढावेत आणि त्वचा पाहावी. हलकी लाली काही वेळात जाते. पुरळ किंवा फोड आला तर वापर थांबवावा.

यंत्र लावून झोपू नये, अंघोळ करू नये, गाडी किंवा ट्रॅक्टर चालवू नये. चार्जिंगची तार जोडलेली असतानाही ते वापरू नये. विजेच्या लपंडावाची सवय असलेल्या गावात तर मुळीच नाही.

पॅडची खरी शत्रू उन्हाळ्याची झळ. मे महिन्यात मी ते खिडकीत विसरलो आणि संध्याकाळी त्यांवरचा चिकट थर कडक पापुद्र्यासारखा झाला. वापरून झाल्यावर मूळ प्लास्टिकवर परत चिकटवून बंद पिशवीत सावलीत ठेवावेत; किंचित कोरडे पडले तर पाण्याचे बोट फिरवावे. तरीही नीट चिकटत नसतील तर बदलावेत, कारण अर्धवट चिकटलेला पॅड वीज एकाच ठिपक्यात ओततो.

आराम कधी तासभर टिकतो, कधी यंत्र बंद होताच ओसरतो. त्या वेळात हलके व्यायाम करावेत, चालावे. सोयाबीनचा कट्टा उचलायला जाऊ नये, कारण दुखणे दबलेले असते, दुखापत नव्हे. पायातली ताकद कमी झाली, जांघेत बधिरपणा आला, लघवीवरचा ताबा सुटला किंवा तापासह कंबर दुखू लागली, तर यंत्र बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.