थर वाळवंटातील झाडोऱ्यावरून माती आणि भूजल कसे वाचावे

जैसलमेरकडच्या वाळवंटात वनस्पतींची नोंद करताना टिब्ब्याच्या, म्हणजे वाळूच्या टेकडीच्या, माथ्यापासून दोन टिब्ब्यांमधील सखल जागेपर्यंत एक सरळ रेषा आखावी आणि तिच्यावर ठरावीक अंतराने चौकोन घ्यावेत. पावसाळा सरताना गेल्यास गवते ओळखणे सोपे जाते.

प्रत्येक चौकोनात जातींबरोबर जमिनीचा पोतही लिहावा. सैल, सरकत्या वाळूत फोग, स्थिरावलेल्या वालुकामय मैदानात सेवण गवत, कठीण आणि खडकाळ जमिनीत केर, तर खारट खोलगटात खारी जाल आणि झाऊ, असा क्रम साधारणपणे आढळतो.

खरी कसोटी यापुढे आहे. झाड हिरवे दिसले म्हणजे खाली भूजल आहे, हा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो साफ टाकून द्यावा. पश्चिम राजस्थानात पाण्याचे तीन प्रकार मानतात: पावसाचे साठवलेले पालर पाणी, वाळूच्या थरात ओलाव्याच्या रूपाने टिकलेले रेजाणी पाणी आणि खोलवरचे पाताळ पाणी. अभ्यासकानेही हा भेद पाळावा, कारण टिब्ब्यावरची बहुतेक झुडपे आणि गवते रेजाणी पाण्यावर जगतात. शंभर मिलिमीटर पाऊस कोरड्या वाळूत सुमारे एक मीटर खोल उतरतो, पण चिकणमातीत त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकाच मुरतो आणि पृष्ठभागाजवळून पुष्कळसा उडून जातो. शिवाय वाळूचा वरचा थर लवकर सुकतो आणि खालच्या ओलीला झाकून ठेवतो. त्यामुळे कमी पावसाच्या प्रदेशात भरड वाळू ही चिकणमातीपेक्षा झाडांना अधिक उपकारक ठरते. इस्रायली परिस्थितिकीतज्ज्ञ नॉय-मीर यांनी १९७३ मध्ये हाच मुद्दा मांडला होता.

म्हणून ऑगरने, म्हणजे माती काढण्याच्या गिरमिटाने, भोक घेतल्याशिवाय भूजलाविषयी एक ओळही लिहू नये. कोरडी वाळू भोकात ढासळते आणि वरची माती खालच्या नमुन्यात मिसळते, म्हणून भोकाबरोबर पीव्हीसी नळी खाली दाबत न्यावी. दर अर्ध्या मीटरला नमुना घेऊन लगेच हवाबंद डब्यात भरावा, तो वजन करून १०५ अंश सेल्सिअसला वाळवावा आणि पुन्हा तोलावा. एक भाग माती व दोन भाग ऊर्ध्वपातित पाणी घेऊन विद्युतवाहकताही मोजावी, म्हणजे क्षार कोणत्या थरात साचले आहेत ते कळते. वरच्या ओल्या पट्ट्याखाली कोरडी वाळू लागली, तर उथळ मुळांच्या जातींचा भूजलाशी संबंध जोडू नये.

खेजडीबाबत, म्हणजे आपल्याकडच्या शमीबाबत, विशेष सावध असावे. ती भर उन्हाळ्यात, पावसाआधीच नवी पालवी धरते. त्यावरून तिची मुळे खोल ओलीपर्यंत पोहोचली आहेत इतकेच म्हणता येते, ती भूजलातच आहेत असे नाही. कुईंच्या, म्हणजे वाळूत खणलेल्या अरुंद विहिरींच्या, परिसरात तर फसगत ठरलेलीच असते. तिथे जिप्समच्या पट्टीवर पावसाची ओल अडते आणि कुईत झिरपून गोडे पाणी देते, पण पट्टीखालचे भूजल पुष्कळदा खारे असते. कुईचे पाणी चाखून भूजल गोडे असल्याचा निष्कर्ष मुळीच काढू नये.

विहिरीची पातळी मे महिन्यात, पंप सुरू होण्यापूर्वी पहाटे मोजावी.

चराईचा परिणाम वेगळा काढण्यासाठी जवळच्या ओरणात, म्हणजे देवाच्या नावाने राखलेल्या रानात, त्याच पोताच्या जमिनीवर दुसरी रेषा घ्यावी. आक (आपली रुई) आणि बुई ही झुडपे केवळ गुरांनी तोंड न लावल्यामुळेही वाढतात. इंदिरा गांधी कालव्याच्या सिंचनक्षेत्रात मात्र कोणत्या वर्षी पाणी आले हे गावकऱ्यांकडून आधी विचारून घ्यावे, कारण तिथे कित्येक ठिकाणी भूजल वर चढून क्षारही वर आले आहेत आणि आजचा झाडोरा जुन्या जमिनीशी जुळत नाही.